बाहेर यायची वाट

आमच्या चिंचोटीला लोक दोनच गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून भिवंडीकडे वळायचा फाटा आणि दुसरी म्हणजे धबधबा. फाट्यावर गाड्या अडकतात, धबधब्यावर माणसं. पावसाळा लागला की तुंगारेश्वरच्या रानातून पाणी कोसळू लागतं आणि मुंबईची तरुण मंडळी घोळक्याने येतात. ती जाता जाता एकच प्रश्न विचारतात, ''काका, पाणी कसं आहे?'' पाणी वाढलं तर बाहेर कुठून यायचं, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून मग पोलिसांना बंदीचे हुकूम काढावे लागतात.

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने बी.कॉम. आहे. खिडकीच्या आत बसून लोकांच्या ठेवी घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि माझा अनुभव असा की, आमच्या खिडकीवर आणि आमच्या धबधब्यावर येणारी माणसं एकाच जातीची असतात. खिडकीवरचा प्रश्न असतो, ''किती टक्के?'' बस्स! लग्नाची मुलगी पाहायला जाताना मुलाच्या आत्यापासून मावसभावापर्यंत सगळे चौकशा करतात. मात्र जन्मभराची पुंजी कुठे द्यायची तर प्रश्न एकच, किती टक्के. पैसे परत कधी मिळतील, आणि नाहीच मिळाले तर कोण देईल, हे दोन प्रश्न विचारणं लोकांना अपशकुनासारखं वाटतं.

आता इथे एक शहाणा वर्ग लगेच उठून म्हणेल, ''लोभ! दुसरं काय? अर्ध्या टक्क्याच्या मोहाने लोक बुडतात, भोगा म्हणावं आपल्या कर्माची फळं.'' माझं भांडण आहे ते या वर्गाशी. हा लोभ नेमका केवढा असतो, ते मी बी.कॉम.च्या बळावर सांगतो. एक लाखावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला ५०० रुपये. महिन्याला ४२ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. निवृत्त मास्तर किंवा एखाद्या विधवा वहिनी तेवढ्यासाठी दुसऱ्या बँकेत जातात, कारण त्यांना महिन्याचा हिशेब रुपयारुपयाने जुळवावा लागतो. त्याला लोभ म्हणायचं असेल तर मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी प्रत्येक गृहिणी लोभी म्हणायला हवी.

बरं, ही मंडळी बँक पारखून घेत नाहीत असं म्हणता, तर पारखायची कशी तेही सांगा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं उदाहरण घ्या. १३७ शाखा, ९ लाखांहून जास्त ठेवीदार. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. मग बाहेर आलं ते असं, की बँकेच्या कर्जातला फार मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेलेला होता, आणि तो झाकायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती उघडलेली होती. ही खाती हिशेब तपासनिसांना दिसली नाहीत, निरीक्षकांना दिसली नाहीत. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेल्या मास्तरांना ती पासबुकावरून दिसायला हवी होती!

त्या ठेवीदारांचं पुढे काय झालं ते आठवा. आधी खात्यातून १,००० रुपयेच काढता येतील असा हुकूम आला. मग ही मर्यादा १०,००० झाली, २५,००० झाली, ४०,००० झाली, ५०,००० झाली, आणि जून २०२० मध्ये १ लाखावर आली. दवाखान्याच्या बिलाला हे टप्पे ठाऊक नसतात. लग्नाच्या मुहूर्तालाही नसतात. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ठरलं असं की, ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळेल आणि त्यावरची हप्त्याहप्त्याने, पार १० वर्षांपर्यंत. पैसे बुडाले नाहीत, असं म्हणायला हरकत नाही. पण सत्तरीच्या माणसाला १० वर्षांची मुदत देणं म्हणजे पैसे सुरक्षित आणि माणूस रामभरोसे, अशातला प्रकार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, बँक चांगली की वाईट हे ओळखण्याचा नादच सोडा. ते आम्हा आत बसणाऱ्यांनाही ओळखता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे. बँक अडली तर आपलं किती अडेल, एवढं आधी ठरवून ठेवायचं.

ते ठरवायला एक साधन आहे, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही. ते साधन म्हणजे ठेव विमा. आपल्या देशात तो १ जानेवारी १९६२ पासून आहे. तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. वाढत वाढत ती १९९३ साली १ लाख झाली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली. दरम्यान दूध वाढलं, रिक्षा वाढली, वसईतल्या जागांचे भाव तर तुंगारेश्वरच्या माथ्याला टेकले. विमा मात्र २७ वर्षं लाखावरच. पीएमसी अडली तेव्हाही तो लाखाचाच होता. ४ फेब्रुवारी २०२० रोजी तो ५ लाखांचा झाला, आणि २०२१ च्या कायद्याने अशी सोय केली की, बँकेवर निर्बंध आले तर साधारण ९० दिवसांत ही रक्कम ठेवीदाराच्या हाती पडावी. त्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला एक पैसा पडत नाही.

आता यातली मेख. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज धरून. आणि ते एका बँकेतल्या एका माणसाला. त्याच बँकेच्या वसईच्या शाखेत ५ आणि विरारच्या शाखेत ५ ठेवून ''मी विभागून ठेवलेत हो'' म्हणणाऱ्याने आपलं गाडीभाडं तेवढं विभागलेलं असतं. विभागणी करायची तर बँक वेगळी हवी. नवराबायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं धरलं जातं. आणि पतसंस्थेला हा विमा मुळीच नाही. तिथे चेअरमन आपल्या आळीतले असतात, सत्यनारायणाला येऊन प्रसादही घेऊन जातात. माणूस भला असेलही, पण भलेपणा म्हणजे विमा नव्हे.

''त्यापेक्षा घरात ठेवलेले काय वाईट?'' असं आमच्या शेजारच्या काकू म्हणत असत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपर्यंत म्हणत होत्या. मग ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या आणि डाळीच्या डब्यातली, तांदळाच्या पिंपातली, देवघराच्या फळीमागची लक्ष्मी माझ्या खिडकीवर रांगेत उभी राहिली. कित्येक नवऱ्यांना आपल्या घरात किती पैसे आहेत ते त्या दिवशी प्रथम कळलं. भरलेले पैसे काढायचे तर आठवड्याला २४,००० ची मर्यादा होती, आणि पुष्कळदा तेवढेही आमच्याकडे नसत. सोनं घ्यावं, तर ते मोडायला निघताच घरात सुतक पडतं. जमीन घ्यावी, तर दवाखान्यात अर्धा गुंठा भरता येत नाही. पोस्टाला केंद्र सरकारची हमी आहे, ती उत्तमच. पण तिथल्याही काही योजनांत पैसा वर्षानुवर्षं बांधून ठेवावा लागतो, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावं.

तेव्हा सगळी अंडी एका डालग्यात नकोत. आठपंधरा दिवसांची रोकड घरात, दोनतीन महिन्यांचा खर्च दोन वेगवेगळ्या बँकांच्या बचत खात्यांत, आणि उरलेलं ठेवींत. ठेवीची पावतीही एकच पाच लाखांची नको, एकेक लाखाच्या पाच कराव्यात, म्हणजे अडचणीत एक मोडली तरी चार शाबूत राहतात. आणि वारसाचं नाव लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं लावता येतात, म्हणजे भांडणाचंही कारण उरत नाही. काही पुरुषांना ठेवींची गोष्ट बायकोपासून लपवण्यात मोठी मर्दुमकी वाटते. त्यांचा पैसा इतका सुरक्षित असतो की तो घरच्यांनाही सापडत नाही. १० वर्षं कोणी विचारलं नाही की तो रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जमा होतो, आणि वहिनी कागद घेऊन खिडक्या हिंडत राहतात.

पण हे सारं ठेवीदारांनीच का शोधून काढायचं? माझा खरा राग आहे तो इथे. व्याजाचा दर आम्ही दारावर हातभर अक्षरांत लावतो. ज्येष्ठ नागरिकांचा दर तर दिव्यांच्या माळेत! आणि विम्याची मर्यादा? ती पासबुकाच्या आतल्या पानावर, मुंगीने चालताना पाय घसरून पडावं एवढ्या अक्षरांत. धबधब्यावर ''पाणी थंडगार आहे'' अशी मोठी पाटी आणि ''खोल आहे'' ही दगडामागे, असं कोणी केलं तर गाव त्याला जाब विचारील. मग बँकांना कोणी का विचारत नाही? दराच्या पाटीशेजारी तेवढ्याच अक्षरांत लिहा, ''एका माणसाला, सर्व शाखा मिळून, व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा.'' रंगाचा खर्च असा कितीसा येणार? पतसंस्थांनीही लिहावं, ''येथे हा विमा नाही.'' मग ज्याला उडी मारायची त्याने खुशाल मारावी.

''असं पुन्हा थोडंच होतंय!'' असं कोणी म्हणेल. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिजोरीतल्या १२२ कोटींच्या अपहाराची तक्रार होती. सुरुवातीला ठेवीदारांना एक पैसाही काढता येईना. दोन आठवड्यांनी २५,००० काढायला मुभा मिळाली, आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. यावेळी लवकर निभावलं. पण ते दोन आठवडे ज्याच्या घरात आजारी माणूस होतं, त्याला विचारा लवकर म्हणजे काय ते.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी बँकेत याल तेव्हा ''किती टक्के?'' जरूर विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण त्याच्या आधी विचारा, ''बाहेर यायची वाट कुठून?'' आतला कारकून चष्मा पुसून तुमच्याकडे बघत राहील, क्वचित साहेबाकडे बोट दाखवील. तुम्ही खिडकी सोडू नका. मागची रांग कुरकुर करू लागली तर तिलाही हाच प्रश्न विचारायला सांगा. साऱ्या रांगेने तो विचारला की मग पाटी रंगवायला माणूस सापडेल.