डॉक्टर होणाऱ्या लेकरांची झोप कोण मोजणार?

भाट्येचा पूल ओलांडला की रत्नागिरी. तिथं २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, एमबीबीएसच्या १०० जागांचं. खाडीकाठच्या आपल्या घरांतून मुलं तिकडे डोळे लावून बसली तर नवल नाही. पण अ‍ॅडमिशनचे पेढे वाटले की पुढचं कुणी विचारत नाही. खरी दमछाक एमडी-एमएसच्या तीन वर्षांत होते.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने रक्त काढायचं, रिपोर्टमागे धावायचं, डिस्चार्ज कार्ड लिहायचं, वर नातेवाइकांचा रागही सोसायचा. सलग ३६ तास ड्युटी ही काही नवलाई नाही. केंद्राचा १९९२ चा आदेश सांगतो: सलग १२ तास, आठवड्याला ४८. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये मर्यादा सुचवली ७४ तासांची. म्हणजे बत्तीस वर्षांनी आलेली ‘सुधारणा’ जुन्या आदेशाच्या दीडपट, आणि तीही नुसती शिफारस! त्याच टास्क फोर्सच्या सर्वेक्षणात पीजीच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगितलं.

डॉ. पायल तडवी आपल्याला आठवते. जळगाव जिल्ह्यातली आदिवासी मुस्लिम मुलगी, नायर हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोगाची रेसिडेंट. २२ मे २०१९ रोजी तिनं आयुष्य संपवलं. तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप आहे, खटला कोर्टात आहे. तिचं प्रकरण नुसतं ‘कामाचा ताण’ म्हणून गुंडाळता येणार नाही. पण जिथं सगळेच थकलेले असतात आणि ज्युनिअरचं शिकणं सीनियरच्या मर्जीवर चालतं, तिथं अपमानालाही ‘ट्रेनिंग’ म्हणायची सवय लागते. मग तक्रार करायची कुणाकडे?

सोडून यावं, तर सीट सोडण्याचा लाखोंचा दंड आडवा येई. तो रद्द करा, असं आयोगाने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं. जानेवारी २०२३ मध्ये ‘मार्ड’ने संप केला, तेव्हा एक मागणी सीनियर रेसिडेंटच्या १,४३२ जागांची होती. माणसं वाढल्याशिवाय तास कमी कसे होणार? योगाचे वर्ग भरवून हे भागणार नाही.

रत्नागिरीची पहिली बॅच २०२९ च्या सुमारास पीजीच्या दारात उभी राहील. तोवर पालकांनी एवढं तरी करावं: कॉलेज निवडताना कटऑफसोबत तिथल्या रेसिडेंटना ड्युटीचे तास विचारावेत. आणि मुलगी फोनवर “अम्मी, झेपत नाही गं” म्हणाली, तर “लोक काय म्हणतील” आधी काढू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.