गोचीड, ताप आणि कातडीवरील खुणा

पोळ्याच्या आदल्या दिवशी झरी जामणी तालुक्यातील शेतकरी आपला बैल ओढ्यावर नेऊन धुतो. सायंकाळी खांदशेकणी होते. हळदलोण्याचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरतो आणि त्या निमित्ताने कानामागे, मानेच्या पोळीखाली व शेपटीच्या बुडाशी दडलेले गोचीड हाती लागतात. जनावराच्या कातडीकडे इतक्या निगुतीने पाहण्याचा वर्षातील हा बहुधा एकच दिवस असतो. पाहणारा हात वाकबगार असतो यात शंका नाही. उणीव आहे ती नियमितपणाची, आणि कातडीवर नेमके काय पाहावयाचे या जाणिवेची.

कातडी पाहण्याचे महत्त्व लम्पी चर्मरोगाने शेतकऱ्यास पटवून दिले. हा विषाणुजन्य रोग भारतात २०१९ साली ओडिशात प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात त्याने डोके वर काढले आणि काही आठवड्यांतच तो राज्यभर पसरला. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत त्याचा प्रसार होतो. जनावरास प्रथम ताप येतो, लसिकाग्रंथी सुजतात, आणि मग अंगभर दोन ते पाच सेंटिमीटर व्यासाच्या टणक गाठी उठतात. हा रोग माणसास होत नाही. परंतु त्याची खूण इतकी ढळढळीत असते की, गोचिडामुळे पसरणारा प्रत्येक विषाणू अशीच खूण कातडीवर उमटवील, असा समज त्यातून दृढ होण्याचा धोका आहे. हा समज घातक आहे, कारण माणसास होणाऱ्या आजारांत कातडी एक तर गप्प राहते, नाही तर फार उशिरा बोलते.

माकडतापाचे उदाहरण घ्यावे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्याच भागातील माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचा विषाणू शोधून काढला व तो गोचिडामार्फत पसरतो हे सिद्ध केले. या तापात अंगावर पुरळ सहसा येतच नाही. एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, डोके व अंग असह्य दुखते, डोळे लाल होतात. टाळूवर बारीक फोड दिसू शकतात, आणि काही रुग्णांच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. अंगावर पुरळ उठेल तेव्हा पाहू, असे म्हणून थांबणारा कार्यकर्ता येथे थांबतच राहील.

काँगो तापाची रीत निराळी आहे. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत अहमदाबादजवळ भारतातील पहिला उद्रेक उघडकीस आला. त्यात पहिल्या रुग्णापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचाही मृत्यू झाला, कारण रुग्णाच्या रक्तातूनही हा विषाणू पसरतो. या तापात प्रथम चेहरा व डोळे लाल होतात. रक्तस्रावाच्या खुणा काही दिवसांनी दिसू लागतात. तोंडात, घशात व कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, सुई टोचलेल्या जागी निळेकाळे डाग पडतात. हे ठिपके बोटाने दाबले असता मावळत नाहीत, आणि साध्या पुरळापासून त्यांचा भेद ओळखण्याची हीच सोपी कसोटी होय. पण ते दिसेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. याहून गंभीर गोष्ट ही की, ज्या गाईम्हशींच्या वा शेळ्यामेंढ्यांच्या अंगावर असे गोचीड पोसले जातात, त्यांच्यात आजाराचे एकही लक्षण दिसत नाही. धष्टपुष्ट दिसणाऱ्या जनावराचे रक्तही अशा वेळी बाधक ठरू शकते.

आणखी एक अडचण आहे. वैद्यकाच्या पुस्तकांतील चित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीची असतात. उन्हातान्हात कपाशीची निंदणी करणाऱ्या सावळ्या अंगावर असे ठिपके चटकन नजरेस पडत नाहीत. म्हणून पापणीची आतली बाजू, टाळू, हिरड्या व तळहात उजेडात पाहावेत. केवळ दंड आणि छाती पाहून निर्वाळा देणे योग्य नव्हे.

विदर्भात २०१८ साली आढळलेल्या स्क्रब टायफसशी या आजारांची गल्लत होऊ देऊ नये. तो विषाणुजन्य नव्हे. चिगर नावाच्या सूक्ष्म अळीच्या चाव्यातून तो होतो. पुष्कळदा काखेत वा जांघेत चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती वेळीच दिसली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने रुग्ण बरा होतो. येथे कातडी खरोखर उपयोगी साक्ष देते. ती न तपासणे हा मोठाच हलगर्जीपणा ठरेल.

या सर्वांचा मथितार्थ असा की, कातडीवरील पहिली आणि सर्वांत मोलाची खूण म्हणजे पुरळ नसून स्वतः गोचीड होय. यास्तव गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने, मग तो शेतीचा असो, पशुसंवर्धनाचा असो वा आरोग्याचा, तापाच्या रुग्णास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत अंगाला गोचीड चिकटला होता काय? सरपण, मोहफूल वा तेंदूपाने यांसाठी जंगलात जाणे झाले काय? जनावर कापणे, सोलणे वा त्याचे वार हाताळणे घडले काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास अंगावर काही दिसो वा न दिसो, रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठवावे व ही माहिती डॉक्टरांना सांगावी. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नये, कारण तिच्यामुळे रक्तस्राव वाढतो. रुग्णाच्या रक्ताला उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

यावर कोणी म्हणेल की, सिंधुदुर्ग कोठे आणि झरी जामणी कोठे. उगाच भीती कशाला पसरवावी? आक्षेप अगदीच अनाठायी नाही. भीतीने काम बिघडते. परंतु माकडतापही दीर्घकाळ शिमोग्याच्या परिसराचाच आजार मानला जात होता. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. २०२० साली काँगो तापासंबंधी पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला. जंगल, गुरे आणि माणूस ही तिन्ही जेथे एकत्र नांदतात, तेथे प्रश्न विचारण्यात हानी नाही. शिवाय गोचीड निर्मूलनाचे श्रम वाया जात नाहीत. संकरित गाईंना ग्रासणारा गोचीड ताप त्याने टळतो, जनावराचे रक्त वाचते आणि दूधही वाढते.

हे काम अवघड नाही. अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, संथपणे ओढावा. नंतर जागा साबणाने धुवावी. रॉकेल ओतणे, विडीचा चटका देणे वा नखावर चिरडणे हे प्रकार सोडून द्यावेत, कारण चिरडलेल्या गोचिडाचा रस बोटावरील जखमेतून शरीरात जाऊ शकतो. मादी गोचीड हजारो अंडी घालते आणि ती जनावराच्या अंगावर नव्हे, तर गोठ्याच्या भेगांत व भिंतीच्या खाचांत घालते. म्हणून केवळ बैल धुऊन भागत नाही. भेगा बुजवाव्यात, चुन्याचा हात द्यावा, आणि जनावर व गोठा यांवर पशुवैद्यकाने सांगितलेले औषध सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. कपाशीचे कीटकनाशक गुरांच्या अंगावर मुळीच फवारू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, त्याचे स्मरण ठेवावे. जंगलात माकड मरून पडलेले दिसल्यास त्यास हात न लावता वनरक्षकास कळवावे.

गुरांचा दवाखाना निराळा आणि माणसांचा निराळा. परंतु गोठा आणि घर यांचे अंगण एकच असते, आणि गोचीड या दोन खात्यांची हद्द जाणत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावरून फिरणारा हात दर आठवड्याला फिरला आणि त्याच घरातील तापाच्या रुग्णास वरील तीन प्रश्न वेळीच विचारले गेले, तर कातडीवर रक्ताचे ठिपके उमटण्याची वाट पाहण्याची वेळ झरी जामणीतील कोणत्याही कुटुंबावर येऊ नये.