ह्युमिडॉर? आमच्याकडे पेव असतं!

ऑनसाइटहून परतलेला एखादा मित्र चॉकलेटांसोबत जाडजूड सिगारही आणतो. ओढायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. सिगार महागडा असला म्हणून कॅन्सर काही सूट देत नाही! पण तो ठेवायचा कसा, हा प्रश्न भलताच इंटरेस्टिंग आहे.

त्यासाठी ह्युमिडॉर नावाची लाकडी पेटी मिळते. आत आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के हवी. कमी पडली की पान तडकतं, जास्त झाली की बुरशी. जाड सिगारचे नखरे आणखी. ५० रिंग गेज म्हणजे जवळपास २० मिलिमीटर जाडी. हवा बदलली की वरचं पान लगेच बदलतं, गाभा मात्र मागे रेंगाळतो. इथे घाई चालत नाही.

एकदम फॉरिन मामला वाटला ना? मग पुण्याहून हायवे पकडा, सातारा-कराड मागे टाका आणि पेठ नाक्याला डावीकडे सांगलीकडे वळा. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे हळदीचे. इथला शेतकरी हाच फंडा वर्षानुवर्षं वापरतोय. हळद शिजवताना जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी काढतात, कारण जाड गड्ड्याला वेळ जास्त लागतो. मग उन्हात वाळवण. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास उतरला की हळकुंड मोडताना खणकन वाजतं. हाच त्यांचा हायग्रोमीटर!

आणि पेटी? ती जमिनीखाली. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची पद्धत पडली. हीच पेवं. कडेला पाला-गवत लावायचं, हळद भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कीड गुदमरते. हळद कित्येक वर्षं टिकते. वीजबिल शून्य! पण पेव उघडलं की आधी कंदील आत सोडायचा. तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. हवा नाही म्हणून किडा मरतो, तसा माणूसही मरू शकतो.

मला सगळ्यात भारी वाटलं ते किड्याचं. सिगारला भोकं पाडणारा सिगारेट बीटल आणि साठवलेली हळद पोखरणारा किडा एकच आहे. क्युबा असो की सांगली, व्हिलन तोच!

पण पेवाचा खरा शत्रू वेगळा निघाला. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं. सिगार भिजला तर दुसरा आणता येतो. इथे भाव वाढायची वाट बघत ठेवलेली हळद गेली, म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचं कर्ज, सगळंच गेलं. बरीच पेवं कायमची निकामी झाली आणि माल गोदामं, कोल्ड स्टोरेजकडे वळला. २०१९ ला तर पाणी २००५ पेक्षाही वर चढलं. मधल्या काळात, २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं. नाव टिकलं, पण ती टिकवणारी पेवं थोडीच उरली.

आता तुमच्या ड्रॉवरमधल्या सिगारबद्दल. तो फ्रिजमध्ये ठेवू नका, सुकेल. हायग्रोमीटर घेतलात तर आधी तपासा: झाकणभर मिठात थोडं पाणी घालून दाट लगदा करा आणि दोन्ही हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. पावसाळ्यात पेटीत पाणी घालण्याआधी बाहेरची हवा बघा, ती आधीच ओलीचिंब असते. परदेशी मॅन्युअलला आपला जुलै माहीत नसतो.

आणि हो, हळदीच्या डब्यात ओला चमचा घालू नका. त्या चिमूटभर हळदीमागे कुणीतरी महिनोन्महिने ओलावा सांभाळलेला असतो, बॉस!