विंचू आमचा, प्रयोगशाळा कुणाची?

रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे आधी मांत्रिकाकडे जात, मग दवाखान्यात मरायला येत. बावस्कर त्यांच्या उशाशी बसून राहिले. घाम, नाडी, रक्तदाब, गार पडलेले हातपाय, सारे लिहून ठेवले. पुढे प्राझोसीन हे औषध वापरून पाहिले, 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापले. गंभीर रुग्णांतले मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरले. मोठी प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हतीच.

आपण काय केले? त्यांच्या २०२२च्या पद्मश्रीला टाळ्या वाजवल्या आणि आपल्या पोरांना पुन्हा जर्नल उतरवायला बसवले.

पदवीच्या वयात संशोधन करायला वाटा आहेत. २००६पासून 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा राज्यातल्या विद्यापीठांना एका मांडवाखाली आणते; त्यात वैद्यक व औषधनिर्माणाचा वेगळा गट आहे. विज्ञान अकादम्या उन्हाळ्यात देशभरच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी पाठवतात. आयसीएमआरचे विद्यावेतन १९७९पासून चालू आहे, पण ते डॉक्टरकी शिकणाऱ्यांचे. निडीसारख्या गावाहून गाडी धरून बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीला यातले काही कोण सांगते? तिला आपण शिकवतो ते एवढेच, की रीडिंग चुकले तर खोडून पुस्तकातले लिही. ही खोटेपणाची दीक्षा आहे, आणि ती देणारे हात शिक्षकांचे आहेत. वर्गात तिने शंका काढली तर ती आगाऊ. घरी संशोधनासाठी दोन महिने बाहेरगावी राहायचे म्हणाली, तर आधी लग्नाचा विषय निघतो. आणि शहरातले ऐपतदार पालक पैसे मोजून तयार प्रकल्प आणतात व लेकरांना स्पर्धेत उभे करतात. ती चोरी आहे. ज्या मुलीची जागा त्यांनी लाटली, तिला ती जागा होती हेही ठाऊक नसते.

भातखाचरात राबणाऱ्याला येणारा लेप्टोचा ताप तिने घरात पाहिलेला असतो. धाटावच्या रासायनिक कारखान्यांची वाऱ्यावर येणारी उग्र घाण तिच्या ओळखीची असते. विचारण्याजोगे प्रश्न तिच्यापाशी आहेत; ते विचारण्याचा हक्क आपण तिच्यापासून अडवून धरला आहे.

मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या रायगडकरांनो, गावच्या पालखीसाठी आणि देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तुम्ही पावत्या फाडता. अशा एका मुलीच्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि खाणावळीची पावती तुमच्यापैकी किती जणांनी फाडली?