सात कोऱ्या ओळी

'तूर द फ्रान्स' या सायकलशर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे कोणाचेही नाव नाही. महायुद्धांमुळे शर्यत झालीच नाही, ती वर्षे वेगळी. या सात वर्षी शर्यत झाली, पॅरिसला विजेत्याचा सत्कारही झाला. २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि ती दुसऱ्या कोणासही देण्यात आली नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मराठी शिकवणाऱ्यांचा या कोऱ्या ओळींशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते तो संबंध थेट वाङ्मयाचा आहे.

ही शर्यत मुळात एका वृत्तपत्राचे अपत्य आहे. १९०३ मध्ये 'लोतो' या क्रीडापत्राने खप वाढावा म्हणून ती सुरू केली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला सायकलपटू क्षणभरच दिसतो. अनेक दिवसांच्या टप्प्यांची सलग कथा मिळते ती वाचकालाच. रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात या शर्यतीकडे महाकाव्य म्हणून पाहिले, ते उगाच नव्हे. येथील नायक पायांनी जितका घडतो, तितकाच निवेदनाने घडतो. म्हणूनच नायक खोटा ठरला, तर निवेदकाला आणि वाचकालाही हात झटकता येत नाहीत.

आर्मस्ट्राँगचे आत्मकथन २००० साली प्रसिद्ध झाले. कर्करोगातून उठून शिखर गाठणाऱ्या माणसाची ती कथा जगभर वाचली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर उत्तेजकांची कबुली दिली. आता त्या पुस्तकाचे काय करावे? आजार खरा होता, उपचारही खरे होते. विजयाची हकिगत तेवढी अपुरी होती. ते वर्गात जरूर वाचावे, असे आम्हांस वाटते. आत्मपर लेखनातील कळकळ हा सत्याचा पुरावा नसतो, हे त्याइतके स्पष्ट क्वचितच दिसेल.

चूक दुरुस्त करण्याच्या दोन रीती या शर्यतीच्या इतिहासात आढळतात. १९०४ मध्ये मोरिस गारँसह पहिले चौघे बाद झाले आणि पाचव्या आलेल्या आंरी कोर्नेला विजेता ठरवले गेले. २०१२ मध्ये मात्र जागा रिकामी ठेवली गेली. त्या काळातील इतर अनेक आघाडीचे स्पर्धकही संशयमुक्त नव्हते. दुसरी रीत आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. कोरी ओळ वाचकाला थांबवते आणि प्रश्न विचारायला लावते.

यादीत न मावणारेही असतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याला वारा कमी लागतो. म्हणून संघातील सहकारी नायकापुढे राहून वारा झेलतात, त्याला पाणी आणून देतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'दोमेस्तिक', म्हणजे घरगडी, म्हणतात. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएत्तोने आपले चाक संघनायक आंतोनँ मान्य याला दिले आणि मदतीची वाट पाहत तो रस्त्याकडेला बसून राहिला. यादीत मान्यचे नाव आहे. व्हिएत्तो ही शर्यत कधीच जिंकला नाही. तरी तो विस्मृतीत गेला नाही, कारण त्याची गोष्ट सांगितली गेली.

आपला वाङ्मयेतिहास मात्र आपण अजून यादीसारखाच शिकवतो. १९७४, १९८७, २००३, २०१४ ही ज्ञानपीठाची वर्षे विद्यार्थ्यांना पाठ असतात. झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु वडशाच्या नाट्यमंडळ्यांतून रात्र-रात्र साथ करणारे वादक आणि दुय्यम नट कोणत्या अभ्यासक्रमात आहेत? नायकापुढे वारा झेलणारे हेच लोक होत.

जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' झाली आणि टप्प्याटप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीची नवी यादी आपल्याच भूमीवर सुरू झाली. तिच्या कथा मराठीत लिहिल्या जातील, लिहिल्या जाव्यातही. त्या लिहिणाऱ्याने विजेत्याच्या नावापाशी थांबू नये. चाक कोणी दिले, हे विचारावे आणि वेळ आली तर ओळ कोरी ठेवण्याचे धैर्यही दाखवावे.