गाईचे खूर आणि गोठ्याची जमीन

दुभत्या गाईच्या कासेकडे सर्वांचे लक्ष असते. खुरांकडे मात्र ती लंगडू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. ही हयगय महागात पडते, असे आमचे मत आहे. पाय दुखणारी गाय गव्हाणीकडे कमी वेळा जाते, दूध कमी देते व माजही नीट दाखवीत नाही.

चरावयास हिंडणाऱ्या गाईचे खूर चालण्याने आपोआप झिजतात. पश्चिम महाराष्ट्रात संकरित होल्स्टीन गाय आली, ती पुष्कळ ठिकाणी दावणीला, ओल्या सिमेंटवर उभी राहिली. शेणमुताने खूर मऊ पडतो, कठीण जमिनीने तळवा दुखावतो. त्यातच वैरण थोडी व अंबोण फार झाले म्हणजे पोटात आम्लता वाढून खुरांस इजा पोहोचते. मुक्त गोठ्यात गाय मोकळी हिंडते, हा मोठा लाभ होय. तथापि पावसाळ्यात तेथे चिखल माजल्यास खुरांच्या बेचक्यांत जखमा होऊन लंगडेपण परत येते.

तेव्हा खरा प्रश्न गोठा बंदिस्त की मुक्त हा नसून गाईच्या पायांखाली काय आहे, हा आहे. गाय दिवसाचे १० ते १२ तास बसून काढते. तिला कोरडी, मऊ जागा द्यावी. पाण्याचा निचरा करावा. वर्षातून दोनदा जाणत्याकडून खूर तपासून, लागल्यास तासून घ्यावेत. चालताना पाठ कमानीसारखी वाकलेली दिसताच पशुवैद्यास बोलवावे.

लंगडी गाय विकल्याने गोठ्याचा दोष जात नाही. तिच्या जागी येणारी गायही त्याच जमिनीवर उभी राहणार आहे.