पुंडलिक आणि आठ तास

आईवडिलांना दिवसापुरते दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे त्यांना टाकणे, हे मत आपल्याकडे इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. ‘म्हाताऱ्यांचे पाळणाघर’ असे कुत्सितपणे म्हटले की वाद मिटतो. आमचे म्हणणे असे की हा वाद अजून सुरूच झालेला नाही, आणि तो सुरू न होण्यात मराठी साहित्याचा वाटा लहान नाही.

‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. अप्पासाहेब बेलवलकर मुलाचे घर सोडतात, मुलीचे सोडतात आणि रस्त्यावर येतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुले दूर आहेत आणि म्हातारी जोडी एकटी. या नाटकांच्या मोठेपणाविषयी दुमत नाही. परंतु त्यांनी आपल्या मनात वार्धक्याचा जो नकाशा आखून ठेवला, त्यात मुलांचे घर आणि निराधारपण एवढ्या दोनच जागा आहेत. पुढे वृद्धाश्रम आला, तोही शिवीसारखा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात म्हाताऱ्या माणसाला लघवीला कोण नेणार, हा प्रश्न शोकांतिकेच्या उंचीला शोभत नाही म्हणून बाहेरच राहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट त्याच्याजवळ जातो. स्मृती हरवलेल्या पंडित वडिलांना मुलगी थोड्या वेळापुरते गाडीत बसवून जाते आणि ते हत्तीमागे चालू लागतात. येथे कृतघ्न कोणीही नाही; कमी पडली ती काही मिनिटांची देखरेख.

हा प्रश्न पुण्यामुंबईच्या सदनिकांचा, खेड्यात घर भरलेले असते, असे उत्तर लगेच येते. ते आम्हाला मान्य नाही. इंदापूर तालुक्यातले निमगाव केतकी घ्या. पानमळ्यांचे, डाळिंबांचे गाव. पानमळ्याचे काम हाताचे आणि वेळच्या वेळी करण्याचे. घरातली धडधाकट माणसे, सुनेसह, सकाळीच रानात जातात. भरलेले घर दिवसा रिकामे असते. मागे राहिलेल्या आजीचे भान सुटू लागले तर ‘साठी बुद्धी नाठी’ एवढे निदान पुरते, आणि बाहेरून लावलेली कडी एवढाच उपचार. सुनेने घरी थांबायचे तर तिचा रोज बुडतो. ‘घरचे बघतात’ या वाक्यातले ‘घरचे’ म्हणजे बहुधा तीच असते.

आषाढी वारीत याच गावात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. हजारो वारकऱ्यांची, त्यांत कितीतरी वृद्धांची, जेवणाची आणि निजण्याची सोय गाव एका रात्रीपुरती करते. त्या वाटेच्या टोकाला आईवडिलांच्या सेवेसाठी देवाला विटेवर उभा करणारा पुंडलिक आहे. त्याचे नाव घेऊन आपण सुनामुलांना लाजवतो. पण देव थांबला, पानांची खुडणी थांबत नाही. पुंडलिकाचे शेत त्या वेळी कोण पाहत होते, हे कथा सांगत नाही. आपल्याला मात्र ते विचारावेच लागेल.

शासनाची दृष्टीही कीर्तनकाराचीच. २००७च्या कायद्याने आईवडिलांना टाकून देणे हा गुन्हा ठरवला. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निर्वाह भत्ता मागण्याची वाट दिली. जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम एवढी कल्पना केली. म्हणजे पैसा मोजला, छप्पर मोजले. वेळ मोजला नाही. डिसेंबर २०१९मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या दिवसकेंद्रांचा विचार होता. ते संमत न होताच त्या लोकसभेबरोबर संपले. उलट, मुलांसाठी अंगणवाडी १९७५ पासून आहे. २००५च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच लहान मुले असली की त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमण्याची तरतूद होती. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला मजुरी असते, हे मान्य झाले. म्हातारे माणूस सांभाळणे मात्र अजून पुण्यच.

दिवसकेंद्र काढले की सगळे सुरळीत होईल, असे आम्ही म्हणत नाही. वाचनालयाशेजारचे विरंगुळा केंद्र ज्यांना चालत येता येते त्यांच्यासाठी असते. ज्यांच्यासाठी घर अडलेले आहे त्यांना तेथे पत्ते खेळता येत नाहीत. वस्तीवरून नेण्या-आणण्याला वाहन हवे. केंद्र दहाला उघडणार आणि रान सातला बोलावणार. स्मृतिभ्रंश झालेल्याला अनोळखी जागा बावरवते. संध्याकाळी घरी परतल्यावर तो अधिकच अस्वस्थ होऊ शकतो. पथ्य, औषधे, उचलून बसवण्याचे शिक्षण, त्या कामाचा पगार हे सारे आले. शिवाय म्हाताऱ्याचा नकार असतो, आणि तो हट्ट म्हणून उडवून लावण्याजोगा नसतो. आयुष्यभर स्वतःच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला परक्या सतरंजीवर बसवताना त्याला विचारावे लागते.

पण या अडचणी म्हणजे केंद्र नको याची कारणे नव्हेत, केंद्र कसे हवे याची यादी आहे. ते गावातच, रानाच्या वेळेला उघडणारे आणि पगारी माणसांचे हवे. भक्तीच्या भाषेत ही यादी लिहिता येत नाही. साहित्याच्या वर्गांत अप्पासाहेबांसाठी डोळे पुसून झाल्यावर, दिवसभर त्यांच्याजवळ कोणी बसायचे होते, हेही एकदा विचारले जावे. ते विचारले जात नाही तोवर कृतघ्न मुलांच्या कथा आपण लिहीत राहू, आणि ती कडी बाहेरून लागलेलीच राहील.